मावशीच्या तोंडचं वाक्य

मी फोटो काढत नाही, फोटो निवडतो. पंचवीस वर्षं हेच केलं. कुणाला साबण विकायचा असतो, कुणाला विमा, कुणाला भिंतीचा रंग. त्यावर एक चेहरा लागतो. तो कुणाचा असावा हे ठरवणाऱ्या चार-पाच जणांत मी असतो. कुणी विचारलं तर "जाहिरातीत आहे" एवढंच सांगून मी विषय बदलतो. मुळात मला बोलायची सवय कमी. पुढे जे लिहितोय ते माझ्या बायकोलासुद्धा गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. आमच्या मासळीवालीचं काहीतरी बिनसलं आणि ती बाजारात दिसेनाशी झाली, इतकंच तिला ठाऊक होतं.

काही वर्षांपूर्वी मी अंधेरीच्या एका कंपनीत लागलो. धंदा घरपोच मासळीचा. मोबाइलवर बोट दाबायचं, दोन तासांत साफ केलेली, कापलेली, डब्यात नीट रचलेली मासळी दारात हजर. मी गेलो तेव्हा कंपनीचे सगळे फोटो विकतचे होते. परदेशातल्या तयार साठ्यातून पैसे भरून उचललेले. एका फोटोत नाकात नथ, डोक्यात गजरा, कोळी पद्धतीचं लुगडं नेसलेली एक मॉडेल होती. दोन्ही हातांत मासा धरून ती दातांच्या डॉक्टरकडे असते तशी हसत होती. तो फोटो मीटिंगमध्ये पडद्यावर आला आणि मी सहज बोलून गेलो.

"मॅडम, हिच्या हातात रोहू आहे."

"मग?" आमच्या मॅडम मुलुंडच्या. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हुशार, भराभर बोलणाऱ्या.

"रोहू नदीतला. कोळणीच्या हातात रोहू म्हणजे सोनाराच्या दुकानात कोबी."

सगळे हसले. मला चेव आला. "आणि डोळा बघा त्याचा. पांढरा पडलाय. हा मासा जाऊन आठवडा झाला. शिवाय हातावर मेंदी आहे बाईंच्या. कोयता धरणाऱ्या हातावर मेंदी टिकते का? कोकणातला माणूस हे बघून जेवणार नाही."

पुन्हा हसले. त्या टेबलाशी माझ्या बोलण्यावर कुणी हसून कित्येक वर्षं झाली होती. मी पन्नाशीला टेकलेला, बाकी सगळे तिशीतले. मला मीटिंगला बोलावत ते मराठीच्या काना-मात्रा तपासायला. त्या दिवशी मी एकदम जाणकार ठरलो.

"अहो, झकास!" मॅडम म्हणाल्या. "हेच तर पाहिजे यार आपल्याला. अस्सल. खरी बाई, खरा बाजार, खरे हात. हे विकतचं सगळं फेकून द्या. तुमच्या ओळखीत असेल ना कुणी?"

नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "आहे एक."

आमचं घर कांदिवलीला. वडील गिरणीत होते. गिरणी गेली तसे आम्ही लालबाग सोडून इकडे आलो. तेव्हापासून आमच्या घरी मासळी एकाच बाईकडून यायची. ती खाडीपलीकडच्या गावातून पहाटे होडीने यायची, पुढे रिक्षा करून बाजारात. दारातून शिरलं की डावीकडचा तिसरा ओटा तिचा. त्याआधी तिच्या सासूचा होता, तिच्याही आधी सासूच्या सासूचा. आई तिला बाय म्हणायची, मी मावशी. आईचे दात गेल्यावर मावशी तिच्यासाठी बारीक मांदेली वेगळी काढून ठेवायची. मी ओट्यासमोर उभा राहिलो की काही न विचारता पुडी पुढे करायची. "राखून ठेवलंय रं तुज्यासाठी." हे तिचं वाक्य. प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच, पण त्या सुरात, की आपल्याला वाटावं खरंच आपल्या एकट्यासाठी ठेवलंय. बाजारात इतर बायका तिची नक्कल करायच्या. "राखून ठेवलंय रं," असं कुणी ओरडलं की सगळा बाजार हसायचा, ती पण हसायची.

मी फोटोसाठी तिचा विचार केला तेव्हा तिचे गुडघे गेले होते. होडीत चढताना दोघांनी धरावं लागे. ओटा तिला सुनेच्या नावावर करायचा होता. सून चारेक वर्षं तिच्याबरोबर बसत होती, हात चांगला होता तिचा, सुरमईचे तुकडे मोजून मापून करायची. अर्जावर शेजारच्या दोन ओटेवालींच्या सह्या लागणार होत्या, की ही इथेच बसते, इथेच विकते. मावशी निवांत होती. शेजारणी तिच्याच गावच्या, तीस-पस्तीस वर्षांच्या सोबतीच्या. "पावसानंतर करू कागद," असं म्हणायची. तिच्या आयुष्यात एवढं एकच काम उरलं होतं, आणि ते मला माहीत होतं.

मला आणखीही एक गोष्ट माहीत होती. मावशी फोटो काढू देत नसे. कॉलेजची पोरं कॅमेरे गळ्यात घालून बाजारात यायची, तिच्या कानातल्या सोन्याकडे बघत घुटमळायची. ती कोयता उगारून हाकलायची. "जा रं! माज्या मच्छीला नजर लावतंस?" साधं जाऊन विचारलं असतं तर तिने मलाही नाही म्हटलं असतं. हसून म्हटलं असतं, पण नाहीच.

म्हणून मी भवानीच्या वेळी गेलो.

दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. मावशी ती फार कडक पाळायची. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. भाव पाडून मागितलं तरी द्यायचं, तोंडातून 'नाय' काढायचं नाही. भवानीला नाही म्हटलं तर दिवसभर टोपली तशीच राहते, असं ती म्हणायची. मिळालेली नोट कोयत्याला लावायची, कपाळाला लावायची, मग कमरेच्या पिशवीत. लहानपणी आईबरोबर कधी सगळ्यांत आधी पोचलो तर आई त्याचा फायदा घेऊन दोन बांगडे जास्त मागायची, आणि मावशी कपाळाला हात लावून द्यायची. घरी आल्यावर आई हसून हे सांगायची. माझ्या डोक्यात ते तिथूनच आलं.

दोन बांगड्यांचा फायदा वेगळा. मी चार पानांचा इंग्रजी कागद घेऊन गेलो होतो.

ती टोपलीवरचं ओलं गोणपाट काढत होती. सून बर्फ फोडत होती. आजूबाजूचे ओटे अजून मांडून व्हायचे होते.

"आज एवढ्या सकाळी? बायकोनं हाकललं का काय?"

"एक पापलेट दे. मोठं."

तिने दिलं. मी नोट पुढे केली आणि तिने हात पुढे केल्यावर सोडली नाही. "मावशी, आणखी एक मागतो. तुझा फोटो काढायचाय. उद्या. इथेच, ओट्यावर."

तिचा हात नोटेवर, माझाही नोटेवर. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मेल्या, भवानीच्या टायमाला मागतंस?"

"हो."

"आयशीवर गेलास." तिने नोट ओढून घेतली, कोयत्याला लावली, कपाळाला लावली. "कशाला पायजे फोटू?"

"आमच्या ऑफिसात. कोळी लोकांचं मोठं चित्र लावायचंय."

ऑफिसात ते लागलं, हे खरं आहे. रिसेप्शनच्या भिंतीवर, छतापासून जमिनीपर्यंत. मी तिच्याशी खोटं बोललो नाही असं पुढची दोन वर्षं मी स्वतःला सांगत होतो, ते या भिंतीच्या जोरावर.

मग मी कागद काढला. मावशी सही करायची. अंगठा नाही, सही. सुनेने शिकवली होती, आणि त्याचा तिला मोठा तोरा होता. तिने हात लुगड्याला पुसले, गळ्यात दोरीने लटकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कागद उलटसुलट करून पाहिला.

"इंग्रजी हाय. वाचून दाखव."

चार पानं होती. हा चेहरा कंपनीला कुठेही, कसाही, कितीही काळ वापरता येईल. त्याबरोबर कुठलेही शब्द छापता येतील. त्यावर या व्यक्तीची हरकत राहणार नाही. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "लिहिलंय, की फोटो काढायला माझी हरकत नाही."

"एवढं मोठं लिवलंय त्यात इतकंच?"

"इंग्रजीत लांबतं ते."

सून हसली. मावशीही हसली आणि तिने सही केली. सावकाश, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर. पानाला एक खवला चिकटला होता, तो तिने नखाने काढला.

दुसऱ्या दिवशी फोटोग्राफर आला, दोन मदतनीस आले, दिवे आले. ओट्यापुढे जागा हवी होती, म्हणून शेजारणींनी आपापल्या टोपल्या हलवल्या. सकाळची ऐन विक्रीची वेळ, पण दोन तास मागे सरकून बसल्या. कुणी कुरकूर केली नाही. त्यांच्यात जी सगळ्यांत वडील, अगदी लागून दुसऱ्या ओट्यावरची, ती ओरडून म्हणाली, "बसा गं गप! हिरोईनचा फोटू चाल्लाय! पावडर लाव गं थोडी, मुशीसारखी दिसतंस!"

"तू लाव, तुज्याकडं कोन बगतंय!"

बाजार हसत होता. मी मात्र कामाला लागलो होतो. आधी चष्मा काढायला लावला. मग गळ्यातला, प्लॅस्टिकच्या पिशवीतला मोबाइल. मग इलेक्ट्रॉनिक काटा, निळी ताडपत्री, खालची लाल प्लॅस्टिकची खुर्ची. गुडघ्यामुळे ती खुर्चीवरच बसायची, तिला त्या दिवशी खाली मांडी घालायला लावली. तिने दात आवळले आणि बसली. अस्सल दिसावं म्हणून, तिथे जे जे खरं होतं ते मी एकेक करून चौकटीबाहेर काढत गेलो. फोटोग्राफर दर दोन मिनिटांनी माझ्याकडे बघून विचारायचा, "बराबर लग रहा है ना, सर?" आणि मी मान हलवायचो. ते माझंच खातं होतं.

फोटो चांगला आला. अजूनही सांगतो, माझ्या सबंध नोकरीत मी इतका चांगला फोटो निवडलेला नाही. पुढे केलेल्या तळहातांवर पापलेट, त्यामागे तिचा चेहरा, डोळे किंचित बारीक. चष्मा नसल्यामुळे तिला समोरचं धूसर दिसत होतं म्हणून ते बारीक होते. लोकांना त्यात माया दिसली.

आता वाक्याकडे येतो. एवढ्यावर थांबलो असतो तरी कदाचित निभावलं असतं.

जाहिरात एजन्सीने फोटोखाली ओळ दिली होती: "ताजी मासळी, थेट आपल्या दारी." मी म्हणालो, ही बाई असं कधी बोलेल का? मॅडम म्हणाल्या, "मग कशी बोलेल?" एजन्सीने दुसऱ्या दिवशी कोळी बोलीतलं म्हणून काहीतरी पाठवलं. नाटकातल्या गड्यासारखं. मी तेही उडवलं. आणि पाच मिनिटांत स्वतः लिहून दिलं:

"बाजारात कशाला येतंस रं? घरीच राखून ठेवलंय तुज्यासाठी."

मॅडमनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. त्यांच्या अंगावर काटा आला. हात पुढे करून त्यांनी तो दाखवलाही. "हे तुम्हालाच सुचू शकतं," म्हणाल्या. त्या वर्षी मला बढती मिळाली.

पावसाळा संपता संपता कंपनीच्या गाड्या रंगून आल्या. दोन्ही अंगांना मावशी, पापलेट आणि वाक्य. बोरिवली, कांदिवली, मुलुंड, घाटकोपर, सगळीकडे फिरू लागल्या. एक गाडी रोज सकाळी बाजाराच्या दाराशी उभी राहायची. ती मुद्दाम तिथे ठेवली जायची की गाडीवरच्या पोऱ्याला पार्किंग तिथेच मिळायचं, मी विचारलं नाही.

आधी बाजारात चेष्टा झाली. मग कुणाच्या तरी शाळेत जाणाऱ्या नातीने ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. लुगडं कुणालाही नेसवता आलं असतं, ओट्यावर कुणालाही बसवता आलं असतं. पण 'राखून ठेवलंय' तिचं होतं. ते एजन्सीच्या त्या नाटकी भाषेत असतं तर बायका हसून म्हणाल्या असत्या, कंपनीवाल्यांनी काहीतरी खरडलंय. मी ते इतकं तंतोतंत लिहिलं होतं, तो 'रं' सुद्धा जागच्या जागी ठेवला होता, की दुसऱ्या कुणी लिहिलं असेल यावर कुणाचा विश्वासच बसेना. सगळ्यांना तिचा आवाज ऐकू आला. आपल्या बाजारात बसून, आपल्याला मागे सरकवून, हीच बाई गिऱ्हाइकांना सांगते की बाजारात येऊ नका. गिऱ्हाईक आधीच रोडावलं होतं. आता त्या नुकसानीला चेहरा मिळाला, आणि तो तिसऱ्या ओट्यावर बसला होता.

मला हे सगळं सुनेच्या तोंडून कळलं. मी महिनाभर बाजारात गेलोच नव्हतो. ती आमच्या इमारतीखाली येऊन उभी होती, हातात रिकामी टोपली.

"काका, त्या सह्या करत नाहीत."

"कुणी?"

"कोनीच. म्हातारीशी बोलत पन नाहीत. बर्फाच्या लादीत वाटा देत नाहीत. येत्या गुरवारी तीन वाजता सगळ्या बसनार हायत, तेवाच काय ते ठरवनार. म्हातारीनं सांगितलंय, तुमी या. नुसतं येऊन बोला, का हे शब्द हिनं नाय सांगितले, हिला काय माहीत नव्हतं. तुमचं ऐकतील. तुमी ऑफिसातले."

"येतो," मी म्हणालो. "गुरुवारी तीन. नक्की."

त्या क्षणी मला खरंच जायचं होतं, हे लिहून ठेवतो. त्याचा उपयोग काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना आडून विचारलं. त्या बाईंना थोडा त्रास होतोय बाजारात, कंपनीतर्फे मी जाऊन दोन शब्द बोललो तर? मॅडमनी लॅपटॉप मिटला.

"संमती घेतलीय ना?"

"घेतलीय."

"वाचून दाखवलाय ना कागद?"

मी फक्त मान हलवली. हो म्हणून.

"मग तुम्ही तिथे जाऊन 'तिला माहीत नव्हतं' असं बोलायचं नाही. अहो, त्याचा अर्थ काय होतो? आपण फसवलं असा. कोणीतरी व्हिडिओ काढेल, वाट लागेल सगळ्यांची. तुमची आधी." मग आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, "दिवाळीला त्यांना छानसं गिफ्ट हँपर पाठवू."

मॅडमवर मी ढकलू शकतो. काही दिवस ढकललंही. पण मान माझी हलली होती. मला जाऊ नका असंही त्यांनी सांगितलं नव्हतं, फक्त काय बोलायचं नाही ते सांगितलं होतं. मी ऑफिसातला म्हणून नव्हे, तिचं चाळीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक म्हणून जाऊ शकत होतो. मी काय केलं, तर गुरुवारी मुलुंडला एक शूट होतं, सोमवारवर टाकता येण्यासारखं. ते गुरुवारीच ठेवायला मीच सांगितलं. वेळ अडीचची.

एका बंगल्यात होतं ते. आमच्याच दुसऱ्या एका जाहिरातीसाठी 'खरी आई' हवी होती. मॉडेल नको, कुणाची तरी खरीखुरी आई. सात बायका आल्या होत्या, आपापल्या मुलांना घेऊन. मी त्यांच्या चेहऱ्यांचे नमुना फोटो बघत बसलो. कुठली जास्त खरी वाटते? तीन वाजून पाच मिनिटांनी सुनेचा फोन आला. मी उचलला नाही. सव्वातीनला. तीन वीसला. मग मी फोन उलटा करून ठेवला. तो टेबलावर थरथरत थोडा सरकायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. फोटोग्राफर म्हणाला, "सर, उठा लो, अर्जंट होगा." मी म्हणालो, "बँकवाले असतील. लोन घ्या म्हणतात." संध्याकाळी मी सुनेला निरोप पाठवला: ताप आला होता. त्याला उत्तर आलं नाही.

दिवाळीला हँपर गेला. परत आला. पत्ता सापडला नाही, असा शेरा होता.

नंतरची दोन वर्षं मी मासळी आमच्याच कंपनीची मागवली. कर्मचाऱ्यांना सूट असते. बायको विचारायची, "तुमच्या मावशीकडे का जात नाही हल्ली?" मी सांगायचो, ती बसत नाही आता. ते खरं होतं. गाड्यांवर ती दिसायची. लाल सिग्नलला शेजारी येऊन उभी राहायची. मी रिक्षात असलो तर दुसऱ्या बाजूला बघायचो. मग या वर्षी कंपनीने ठरवलं की अस्सल चेहरे आता सगळेच वापरतात, आपण चित्रं वापरू. गाड्यांवर निळ्या रंगाचा एक हसरा मासा आला. भिंतीवरची मावशी दोन माणसांनी शिडी लावून पट्ट्यापट्ट्यांनी सोलून काढली. मॅडम मला म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटत असेल ना? तुमचं बाळ होतं ते." मी म्हणालो, "चालायचंच."

त्या रविवारी मी होडीने खाडीपलीकडे गेलो.

घर शोधावं लागलं. इतक्या वर्षांत मी कधी तिच्या घरी गेलो नव्हतो. मावशी पडवीत लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, पाय समोर स्टुलावर. सून नव्हती. कांदिवलीच्या एका टॉवरमध्ये ती कुणाचं तरी लहान मूल सांभाळते, रविवारीसुद्धा. मावशीने मला ओळखायला वेळ लावला नाही.

"या," ती म्हणाली. "बसा."

मी तिच्याकडे बघत राहिलो. मी हाफ पँटीत असल्यापासून ती मला 'तू' म्हणत आली होती.

बसलो आणि सगळं सांगितलं. तो कागद चार पानांचा होता आणि त्यात काय होतं. ते वाक्य मी लिहिलं. मला ताप आला नव्हता, मी मुलुंडला होतो, फोन समोर वाजत होता. भवानीच्या वेळी मुद्दाम आलो होतो, हेसुद्धा सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं मी एकटा बोलत होतो. आयुष्यात इतका वेळ सलग बोलल्याचं मला आठवत नाही. मध्येच मला हलकंही वाटू लागलं होतं.

तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "हे मना कशाला सांगताव? मना तर ठावच हाय. तितं सांगायचं व्हतं."

चहा विचारला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "शेवटची होडी लवकर जाते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात उशिरा येतो असं कळवून मी सकाळी बाजारात गेलो. डावीकडच्या तिसऱ्या ओट्यावर मी कधी न पाहिलेली एक तरुण बाई बसली होती. कोलंबी सोलत होती. दुसऱ्या ओट्यावर ती वडील शेजारीण अजून होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सुरुवात केली, की ते गाडीवरचं वाक्य माझं होतं, मावशीचं नव्हे. तिने बोंबील कापता कापता वर पाहिलं.

"तू काय तो फोटूवाला?"

"हो."

"ती बोल्ली आमाला. रडून रडून बोल्ली, का मी नाय बोल्ले असं, त्या पोरानं लिवलं असंल. आमी बोल्लो, मग बोलव त्याला. तो येऊन बोलला का आमी सह्या करतो." तिने बोंबलाचं डोकं उडवून बाजूला टाकलं. "पाच वाजंपर्यंत बसलो व्हतो. ती दारात उभी. सारकी रस्त्याकडं बगत. तू नाय आलास. मग आमाला वाटलं, हीच खोटं बोलतंय."

"मी आता लिहून देतो. सही करून देतो. कुठे द्यायचं सांगा, मी येतो बरोबर."

"कागद झाला तो," कोयत्यानेच तिसऱ्या ओट्याकडे दाखवत ती म्हणाली. "तिच्या नावावर. दोन सह्या लागतात. एक माजी हाय."

मी आणखी काही बोलणार होतो. काय ते आता आठवत नाही. माझ्यामागे एक माणूस पिशवी घेऊन ताटकळत होता.

"ओ भाऊ," तो म्हणाला, "घ्यायचं नसेल तर जरा सरका ना."

मी सरकलो.